खोलीही शिळी होते

वाणिज्य शाखेत आल्यापासून जी थोडी वाक्ये माझ्या डोक्यात पक्की बसली, त्यांत एक असे आहे की, सेवा साठवून ठेवता येत नाही. साखरेचे पोते आज खपले नाही तर उद्या खपते. पण आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. ती आजच्या आजच शिळी होते. सरांनी हे वर्गात सांगितले तेव्हा उदाहरण विमानाच्या आसनाचे दिले होते. आमच्या वर्गात विमानात बसलेले कोणीच नव्हते, म्हणून आम्ही ते वहीत उतरवून घेतले आणि सोडून दिले. त्या वाक्याचा खरा अर्थ मला समजला तो माझ्या आत्याच्या घरी, कुळगीला.

कुळगी हे गाव दांडेलीपासून बारा-चौदा किलोमीटरवर. उत्तर कन्नड जिल्ह्याचा हा भाग म्हणजे साग, बांबू आणि त्यांच्या मधून जाणारा एक रस्ता. दांडेलीचे अभयारण्य १९५६ साली झाले. २००७ मध्ये ते आणि अणशीचे राष्ट्रीय उद्यान मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. कुळगीत वनखात्याचे निसर्ग शिबीर आहे. तेथे तंबू आहेत, खोल्या आहेत, माहिती केंद्र आहे आणि जेवणाची सोयही आहे. हुबळी-धारवाड, बेळगाव, पुणे आणि गोवा येथून माणसे येतात, सकाळी लवकर उठून धनेश पक्षी आणि शेकरू पाहतात, कवळ्याच्या गुहेला किंवा शिंथेरीच्या कड्याला जाऊन येतात. वाघ दिसला नाही म्हणून थोडे हिरमुसतात आणि परत जातात. पर्यटक वाढले तशी आसपासच्या घरांनीही पाहुणे ठेवायला सुरुवात केली. आत्याचे घर त्यांपैकी एक.

आत्या आमच्या खानापूर तालुक्यातली. लग्न होऊन कुळगीला गेली. आत्याचे यजमान (आम्ही त्यांना मामाच म्हणतो) रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. गुडघे गेले तसे ते काम सुटले. एकुलता मुलगा, म्हणजे माझा दादा, गोव्यात एका हॉटेलात नोकरीला. चार वर्षांपूर्वी त्याच्याच सांगण्यावरून एका पतसंस्थेचे कर्ज काढून घराच्या मागील अंगणात दोन खोल्या बांधल्या. चार माणसे एका खोलीत, माणशी बाराशे रुपये. त्यात सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, चार वाजताचा चहा आणि रात्रीचे जेवण. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला काही नाही, पाच ते दहापर्यंत अर्धे. दादाचा बेत असा की, दोन वर्षांत खोल्यांनी जम धरला तर गोव्याची नोकरी सोडून गावी यायचे. नाही तर खोल्या बंद करून आई-वडिलांनाच फोंड्याला भाड्याच्या घरात न्यायचे. व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या वाड्यांतील काही कुटुंबे सरकारी मोबदला घेऊन बाहेर गेली आहेत. आत्याचे घर रस्त्याच्या कडेला, तिच्यापुढे तसा प्रश्न नाही. पण शेजार हळूहळू पातळ होताना तिने पाहिला आहे, आणि फोंड्याचे नाव निघाले की ती उठून आत जाते.

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी तिच्याकडे होते. मदतीला म्हणून गेले, आणि खरोखरच मदत करावी लागली, कारण दोन्ही खोल्या भरल्या होत्या. एका खोलीत पुण्याचे एक कुटुंब होते. नवरा-बायको आणि दोन लहान मुले. नवऱ्याच्या नोकरीमुळे ही मंडळी काही वर्षे जिनिव्हाला राहून आलेली. बाई मोकळ्या स्वभावाच्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आत्याच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या फुगताना पाहत, आणि बोलत.

एके संध्याकाळी त्यांनी आल्प्स पर्वतातल्या सुट्टीची गोष्ट काढली. तिकडे हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळायला कुटुंबेच्या कुटुंबे जातात. हॉटेलात न राहता 'शाले' नावाच्या लाकडी घरात उतरतात. शनिवारी जायचे, पुढल्या शनिवारी निघायचे. घरात एक-दोन तरुण मुले-मुली स्वयंपाकाला आणि झाडलोटीला असतात. सकाळी न्याहारी मांडतात, दुपारी मंडळी बर्फावरून थकून येतील तेव्हा चहा आणि घरी भाजलेला केक टेबलावर तयार असतो, आणि रात्री बैठकीचे साग्रसंगीत जेवण. लहान मुलांचे जेवण मात्र साडेपाच-सहालाच उरकून त्यांना झोपवतात, म्हणजे आई-बाप आठ वाजता निवांत जेवतात.

आत्या भाकरी परतत ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला, "आणि ती रांधणारी पोरं जेवतात कधी?"

बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, "आमचं झाल्यावर, स्वयंपाकघरात. पण त्यांना आठवड्याचा एक दिवस सुट्टी असते हं काकू. त्या दिवशी आम्ही बाहेर जेवायचो."

"सुट्टी? चुलीला?" आत्या म्हणाली, आणि मोठ्याने हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने त्या दोन मुलांना साडेसहालाच गुरगुट्या भात, तूप आणि मुगाचे वरण वाढले. मुले आठला झोपली. त्या रात्री पुण्याची ती बाई आणि तिचे यजमान अंगणात तासभर शेकोटीजवळ बसून राहिले. तीन वर्षांत असे जेवलो नाही, असे त्यांनी निघताना वहीत लिहिले. मला वाटते, सबंध डिसेंबरात आत्याने केलेला हा एकच बदल, आणि त्याला एक पैसा खर्च आला नाही.

'शाले' या शब्दाने माझे कुतूहल चाळवले, म्हणून महाविद्यालयात परत आल्यावर मी थोडे वाचले. शाले म्हणजे मुळात गुराख्याची झोपडी. उन्हाळ्यात गुरे वरच्या कुरणात नेत, तेव्हा गवळी तेथे राहत, दूध काढीत, चीज करीत. आमच्याकडेही खानापूर-हल्याळ-जोयड्याच्या रानात धनगर गवळ्यांचे वाडे आहेत. लाकूड, माती, गवताचे छप्पर, शेजारी म्हशींचा गोठा. त्यांत राहायला कोणी दूरदेशीचा पाहुणा पैसे मोजून येईल, असे अजून तरी कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. तिकडे ते आले. १८६४ साली सेंट मॉरिट्झच्या योहानेस बाद्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने आपल्या उन्हाळी इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली, अशी कथा सांगतात: हिवाळ्यात येऊन तर पाहा, ऊन पडले नाही तर तुमचा प्रवासखर्च मी देईन. पाहुणे आले, आणि रापून परत गेले. रिकाम्या हंगामात शिळ्या होणाऱ्या खोल्या कशा खपवाव्यात, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. पुढे १९३२ मध्ये व्हिएन्नाहून लंडनला शिकायला आलेल्या एर्ना लो नावाच्या तरुणीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि काही मंडळींना बर्फाच्या खेळासाठी ऑस्ट्रियाला नेले. दर पंधरवड्याला पंधरा पौंड. हेतू एवढाच की, त्या निमित्ताने आपल्यालाही घरी जाऊन येता यावे. पुढे त्यातून तिची मोठी प्रवासी कंपनी उभी राहिली. विद्यार्थिदशेत असलेल्या वाचक मैत्रिणींनी याची नोंद घ्यावी.

बाद्रुटची गोष्ट मी आत्याला सांगितली, आणि पावसाळ्यातही पाहुणे बोलवावेत असे सुचवले. ती म्हणाली, "बोलव की. जळवा लागल्या नाहीत तर भाडं परत म्हणून सांग." तो विषय तेथेच संपला.

जूनमध्ये परीक्षा आटोपून मी पुन्हा कुळगीला गेले. गोव्यात तेव्हा हंगाम थंडावलेला, त्यामुळे दादाही रजेवर आला होता. त्याने आल्याआल्याच सांगितले की, यंदा हिशेब करायचा आणि काय तो निर्णय घ्यायचा. हिशेब करायचा कोणी? अर्थात बी. कॉम.ने. आत्याने ट्रंकेतून दोन वह्या, रेशन दुकानाच्या पिशवीत कोंबलेल्या पावत्या आणि एक जुने कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवले. कॅलेंडरावर पाहुणे आलेल्या रात्रींवर तिने हळदीच्या बोटाने टिंबे लावली होती. नोंदवही ठेवण्याची ही पद्धत कोणत्याही पुस्तकात नसली तरी चोख होती. एकही रात्र चुकलेली नव्हती.

ऑक्टोबर ते मे या २४३ रात्री, खोल्या दोन, म्हणजे ४८६ खोली-रात्री. त्यांपैकी भरल्या ८४. उरलेल्या ४०२ शिळ्या झाल्या. पाहुणे २७ कुटुंबे, त्यांपैकी १९ मुलाबाळांची. एक माणूस एक रात्र असे मोजले तर २१२. त्यांत पूर्ण दराचे १५४, अर्ध्या दराचे ३८ आणि २० फुकट. जमा दोन लाख सात हजार सहाशे.

खर्चाच्या बाजूला वाणसामान, भाजी, मासळी आणि गॅस मिळून सत्तर हजार चारशे. कपडे धुणे, साबण, वीज चौदा हजार सहाशे. हाताखालच्या बाईची मजुरी दिवसाला साडेतीनशेप्रमाणे साडेएकतीस हजार. गाद्या, रंग, दुरुस्ती सव्वीस हजार. पाहुणे आणून देणाऱ्यांची माणशी दलाली अठरा हजार तीनशे. बेरीज एक लाख साठ हजार आठशे. राहिले शेहेचाळीस हजार आठशे. आणि कर्जाचा हप्ता महिना चार हजार दोनशे, म्हणजे वर्षाचे पन्नास हजार चारशे. तूट तीन हजार सहाशे.

दादा गप्प बसला. मग म्हणाला, "जेवणच बंद करू. नुसती खोली द्यायची, माणशी सातशे. दांडेलीत हॉटेलं आहेत, जेवतील तिथं. आईचा त्रासही वाचेल."

त्याचे म्हणणे वावगे नव्हते. आईचा त्रास हा शब्द त्याने उगाच वापरला नव्हता, ती पहाटे साडेचारला उठते हे तो लहानपणापासून पाहत आला आहे. मी तोही हिशेब मांडला. तितकेच पाहुणे धरले तर जमा एक लाख एकवीस हजार शंभर. वाणसामान पूर्ण वाचले, मदतनीस बाईची मजुरी निम्मी झाली, बाकीचा खर्च तोच. शिल्लक शेहेचाळीस हजार चारशे पन्नास.

मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि पुन्हा पुन्हा तपासले. फरक साडेतीनशे रुपयांचा. एकसष्ट दिवस, रोज चार वेळचे, २१२ ताटांचे रांधणे, आणि त्याची सबंध हंगामाची कमाई साडेतीनशे. हाताखालच्या बाईची एका दिवसाची मजुरी.

मामांनी चष्मा काढून पुसला. आत्या परातीत नाचणीचे पीठ चाळत होती, ती चाळतच राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्यात माझी मजुरी कुठं लिहिलीस गं बाय?"

लिहिली नव्हती, कारण वहीतच नव्हती. घरच्या माणसाच्या श्रमाला पैसा जात नाही, म्हणून तो खर्चात दिसत नाही. परिव्ययशास्त्रात त्याला आरोपित मजुरी म्हणतात. प्रत्यक्ष दिलेली नसली तरी हिशेबात धरायची. हाताखालच्या बाईच्याच दराने धरली तरी एकसष्ट दिवसांचे एकवीस हजार तीनशे पन्नास होतात. म्हणजे तूट साडेतीन हजारांची नव्हे, जवळजवळ पंचवीस हजारांची. ती कोणी भरून काढली, हे स्वयंपाकघरात बसलेल्या कोणालाच सांगावे लागले नाही.

येथे मला आल्प्समधील त्या रांधणाऱ्या मुलांची आठवण झाली. ब्रिटिश कंपन्या तिकडच्या शालेंत आपल्याच देशातील तरुण मुले-मुली हंगामापुरती ठेवीत. पगार म्हणजे खिशातल्या खर्चापुरता, वर राहणे-जेवणे आणि बर्फावर जाण्याचा पास. मुलांना सुट्टीची मजा, कंपनीला स्वस्त मजुरी आणि पाहुण्याला परवडणारे जेवण, असे ते गणित होते. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यावर, २०२१ पासून, या मुलांना परवान्याशिवाय तिकडे काम करता येईना. तेव्हा अनेक कंपन्यांना जेवणासहित शाले कमी कराव्या लागल्या, काहींनी तो धंदाच सोडला. बर्फ तेवढाच होता, पाहुणेही होते. ज्यांच्या स्वस्त हातांवर ते जेवण उभे होते, ते हात गेले.

पण जेवण बंद करावे की नाही, हा प्रश्न शिल्लकच होता. तितकेच पाहुणे येतील, हे दादाच्या हिशेबातले गृहीतक मला पटत नव्हते. मी वही पुन्हा उघडली. आत्या पाहुण्यांना अभिप्राय लिहायला सांगते. त्यात धनेशाविषयी लिहिणारे आहेत, चांदण्यांविषयी आहेत. पण मुलाबाळांच्या बहुतेक कुटुंबांनी जेवणाविषयी लिहिले आहे. कोणी मुडलीच्या भाजीविषयी. ही मुडली म्हणजे आमच्या जोयड्याच्या कुणबी लोकांचा प्रसिद्ध कंद. जोयड्याला त्यांच्या कंदमुळांचा मेळाही भरतो. कोणी सोलकढीविषयी, तर हुबळीच्या एका आजींनी कन्नडमध्ये नुसते 'मने ऊट' एवढेच लिहून खाली सही केली आहे. मने ऊट म्हणजे घरचे जेवण. आणि रात्री आठ वाजता, पेंगुळलेल्या मुलांना गाडीत घालून, जंगलातल्या रस्त्याने दांडेलीला जेवायला कोण जाईल? वाटेत गवे उभे असतात. ज्यांच्याकडे मुले नाहीत ते कदाचित जातील. पण २७ पैकी १९ कुटुंबे मुलांची होती.

"मग दर वाढवा," मी म्हटले. "चौदाशे करा. मुलांना सातशे. चौतीस हजार सहाशे जास्त येतात. हप्ता जाऊन, आत्याची मजुरी जाऊन वर साडेनऊ हजार राहतात."

दादाने मान डोलावली. त्याला आकडा पटला. नडली ती आत्याच.

"पाहुण्याला ताटाचा भाव कसा सांगायचा गं? खोलीचं घेतो ते ठीक. खोली सिमेंटची आहे, कर्जाची आहे. पण भात वाढताना मनात पैसे आले तर हात आखडतो बघ."

हे वाक्य मी अर्थशास्त्राच्या सरांना सांगितले, तेव्हा तेही काही वेळ बोलले नाहीत. आमच्या घरांत पाहुण्याला 'आणखी थोडे घ्या' म्हणण्याची रीत आहे, आणि त्या आग्रहाला सीमांत खर्च लावायचा म्हणजे अवघडच. आत्याचे दुःख तूट आल्याचे नव्हतेच मुळी. जेवणाचे पैसे मागणारी बाई अशी आपली ओळख होईल, याची तिला भीती वाटत होती. माझ्या मते तिचे म्हणणे भाबडे नव्हते. तिच्या हातचे जेवण ज्या गुणामुळे विकले जाते, तो गुण भाव सांगताना मरेल, हा तिचा अनुभवाचा अंदाज होता. त्याला उत्तर देणारा आकडा माझ्याकडे नव्हता.

मामांनी तोड काढली. ते फारसे बोलत नाहीत. म्हणाले, "भाव पाटीवर लिहा. म्हणजे ती सांगणार नाही, पाटी सांगेल. हिनं वाढावं."

आत्याने होकार दिला, पण फुकट नाही. तिने स्वतःच्या दोन अटी घातल्या. एक, दर मंगळवारी पाहुणे घ्यायचे नाहीत. मंगळवारी ती बहिणीकडे जाईल, नाही तर नुसती निजेल. (जिनिव्हाच्या बाईंचे बोलणे तिच्या डोक्यात सहा महिने मुरत होते, हे आम्हाला तेव्हा कळले.) दुसरी, महिन्याचे तिचे पैसे तिच्या नावाच्या खात्यात वेगळे जमा करायचे, दादाने वा मामांनी ते हप्त्याला लावायचे नाहीत. दादा म्हणाला, "आई, घर तर एकच आहे की." आत्या म्हणाली, "घर एक आहे म्हणूनच."

पाटी मी रंगवली. वर मराठी, खाली कन्नड. मराठी शाळेत शिकल्यामुळे माझी कन्नड अक्षरे अजूनही पाहुण्यासारखी अवघडून उभी राहतात, पण वाचता येतात. राहणे, न्याहारी, दोन वेळचे जेवण, चहा; मोठ्यांना चौदाशे, मुलांना सातशे. लहान मुलांचे जेवण संध्याकाळी साडेसहाला. मंगळवारी बंद. दादाने 'बंद' शब्द काढून 'सुट्टी' लिहायला लावले. हॉटेलात राहून त्याला असल्या गोष्टी कळतात.

दोन वर्षांची मुदत दादाने एका वर्षाने वाढवली आहे. तो गोव्याला परत गेला. नवा दर लागू झाल्यावर पाहुणे किती टिकतील हे मे महिन्याचा हिशेब सांगेल. हा लेख छापायला जाईल तेव्हा हंगाम अर्धाच झालेला असेल.

दसऱ्याच्या सुट्टीत मी कुळगीला असताना पहिला फोन आला तो धारवाडहून. आत्याने पलीकडचा आवाज ऐकला, 'ओंदु निमिष' म्हणाली आणि फोन माझ्या हातात कोंबून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. मी कन्नडमध्ये दर सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता. आत्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. मग त्या बाईंनी विचारले, "मक्कळ ऊट एष्टु गंटेगे?" मुलांचे जेवण किती वाजता?

मी फोन आत्याकडे परत दिला.